फाइना रानेव्स्काया : वाचिक अभिनयाचा एक अभ्यास

रशियन रंगभूमीच्या इतिहासात काही नटनटींची नावे त्यांनी केलेल्या मोठ्या भूमिकांमुळे राहिली, तर काहींची ज्या नाट्यसंस्थांशी ती आयुष्यभर बांधली गेली त्या संस्थांमुळे. फाइना रानेव्स्काया (१८९६–१९८४) हिचे नाव या दोन्ही कारणांनी राहिलेले नाही. ते राहिले आहे मुख्यत्वे तिच्या नावावर खपणाऱ्या वचनांमुळे. तिच्या चतुरोक्तींचे संग्रह रशियात वारंवार निघतात. त्यांतील पुष्कळशा उक्तींना कसलाही लेखी वा प्रत्यक्षदर्शी आधार नाही. ज्या विनोदाला बाप सापडत नाही तो रानेव्स्कायाच्या दारात सोडून द्यावा, असा जणू तेथील वृत्तपत्रीय शिरस्ताच पडून गेला आहे. परिणामी जी अभिनेत्री अर्धशतकाहून अधिक काळ रंगभूमीवर वावरली, तिच्याविषयी चार वाक्ये सर्वांस पाठ असतात. परंतु ती वाक्ये ती उच्चारीत असे कशी, याचा विचार क्वचितच केला जातो. उक्ती राहिली आणि उच्चार गेला.

दुसरीही एक अडचण आहे. तिच्या रंगभूमीवरील आणि विशेषतः चित्रपटांतील बहुसंख्य भूमिका लहान आहेत, काही तर पाचदहा मिनिटांच्या आहेत. यास्तव तिला 'प्रसंगनटी' म्हणून बाजूस सारणारा एक पक्ष आहे, आणि राजसत्तेने व दिग्दर्शकांनी तिच्या प्रतिभेची हत्या केली असे म्हणून हळहळणारा दुसरा. दोन्ही पक्षांचे एका बाबतीत एकमत दिसते, ते असे की लहान भूमिका म्हणजे लहान काम. हे गृहीतच येथे तपासून पाहावयाचे आहे.

रानेव्स्काया हे तिचे जन्मनाव नव्हे. ती मूळची फाइना फेल्डमान. अझोव समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावी एका सधन यहुदी उद्योजकाच्या घरी तिचा जन्म झाला. हेच गाव चेखोवचेही जन्मस्थान. लहानपणापासून तिला बोलताना अडखळण्याची खोड होती. नाट्यशिक्षणासाठी ती मॉस्कोस गेली तेव्हा एकाही नाट्यशाळेने तिला प्रवेश दिला नाही. पुढे येकातेरिना गेल्त्सेर या ख्यातनाम नर्तिकेच्या साहाय्याने १९१५ साली मॉस्कोनजीकच्या मालाखोव्का येथील उन्हाळी नाट्यगृहात तिला किरकोळ कामे मिळाली. १९१७ च्या क्रांतीनंतर तिच्या कुटुंबाने देश सोडला. ती एकटी मागे राहिली. पाव्ला वुल्फ या अनुभवी अभिनेत्रीने तिला शिष्या म्हणून जवळ केले आणि यादवी युद्धाची व दुष्काळाची वर्षे या दोघींनी क्रिमियात प्रांतिक रंगभूमीवर काढली. त्यानंतरच्या दशकातील तिचे जीवन म्हणजे या गावाहून त्या गावी, या मंडळीतून त्या मंडळीत अशी भ्रमंतीच होय. मॉस्कोत तिचा खरा प्रवेश झाला तो १९३१ साली, ताइरोवच्या कामेर्नी नाट्यगृहात, कुलिशच्या 'पाथेटिक सोनाटा' या नाटकातील झिन्का या वेश्येच्या भूमिकेत. तेव्हा ती पस्तिशीची होती.

तिने घेतलेले नाव चेखोवच्या 'चेरी ऑर्चर्ड'मधील नायिकेचे आहे. हे नाटक प्रथम १९०४ साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगभूमीवर आणले आणि त्यातील रानेव्स्कायाची भूमिका ओल्गा क्निप्पर हिने केली, हे सर्वश्रुत आहे. आपल्या अभिनेत्रीने ती भूमिका कधीच केली नाही. क्रिमियात तिच्या वाट्यास आली ती त्याच नाटकातील शार्लोटा. ही शार्लोटा म्हणजे आपले वय ठाऊक नसलेली, आपण कोण व कोठल्या हे न जाणणारी शिक्षिका. तिसऱ्या अंकात ती हातचलाखीचे खेळ करते आणि ओठ न हलविता दुसऱ्याच आवाजात बोलून दाखविते. शरीर एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असे हे पात्र होय. रानेव्स्कायाच्या पुढील कारकीर्दीचा विचार करताना नायिकेच्या नावापेक्षा या शार्लोटाकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते.

भारतीय नाट्यशास्त्रात या विषयास लागू पडणारी एक संज्ञा तयार आहे, ती म्हणजे काकु. (मराठी वाचकास या शब्दाने प्रथम चुलती आठवते, त्यास इलाज नाही.) भरताने वाचिक अभिनयाच्या विवेचनात काकूचे साकांक्ष आणि निराकांक्ष असे दोन भेद सांगितले आहेत. ज्या वाक्याचा अर्थ शब्दांनी पुरता व्यक्त झाला नाही, ज्याच्या पलीकडे काही उरले आहे, ते साकांक्ष काकूने म्हणावयाचे. ज्याचा अर्थ शब्दांत संपला ते निराकांक्ष काकूने. पुढे रुद्रटाने श्लेषवक्रोक्तीच्या जोडीस काकुवक्रोक्ती मानून तिला शब्दालंकारांत स्थान दिले. राजशेखराने यावर आक्षेप घेतला. त्याच्या मते काकु हा अलंकार नसून पठनाचा धर्म आहे, आणि त्या धर्मास अभिप्राय असतो. हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. काकु वाक्यात असते की वक्त्यात, हा त्यातील खरा प्रश्न आहे. रुद्रटाची बाजू घेतली तर नट हा लेखकाच्या वाक्यात असलेले बाहेर काढतो. राजशेखराची घेतली तर वाक्यात नसलेले नट त्यात घालतो. रानेव्स्कायाच्या अभिनयाचा पुरावा राजशेखराच्या बाजूने पडतो.

विचित्र योगायोग असा की, जिचे सारे सामर्थ्य वाणीत होते तिचे चित्रपटांतील पदार्पण मूकपटात झाले. मोपासाच्या प्रसिद्ध कथेवरून मिखाइल रोम याने १९३४ साली काढलेल्या 'पिश्का'त तिने मादाम ल्वाझो हिची भूमिका केली. त्यानंतर पाच वर्षांनी तत्याना लुकाशेविच हिच्या 'पोदकिदिश' या बोलपटात ती आली आणि देशभर ओळखीची झाली. कथानक अगदी साधे आहे. एक लहानशी मुलगी घरातून बाहेर पडून मॉस्कोच्या रस्त्यांवरून भटकू लागते आणि निरनिराळी माणसे तिला भेटतात. त्यांत ल्याल्या नावाची एक दांडगी, निपुत्रिक स्त्री आणि तिचा नमता नवरा मूल्या हे जोडपे आहे. नवऱ्यास उद्देशून ल्याल्या वारंवार एक वाक्य बोलते : "मूल्या, न्ये न्येर्वीरुय मिन्या", म्हणजे, मूल्या, माझे डोके उठवू नकोस. हे वाक्य कोणी रचले याविषयी रानेव्स्काया आणि पटकथेशी संबंधित मंडळी यांच्यात मतभेद होते. त्या वादात शिरण्याचे प्रयोजन नाही. वाक्य ज्या कोणाचे असो, त्यातील ध्वनी पाहण्यासारखे आहेत.

या आठ अक्षरांच्या वाक्यातील व्यंजने ओळीने लिहिली तर ती अशी येतात : म, ल, न, न, र, व, र, य, म, न. मकार आणि नकार हे अनुनासिक सोडल्यास यात एकही स्पर्श वर्ण नाही; ऊष्म नाही; अघोष तर औषधालाही नाही. उरलेली व्यंजने म्हणजे य, र, ल, व, अर्थात आपल्या वर्णमालेतील चारही अंतःस्थ. (रशियन 'व' उच्चारदृष्ट्या घर्षक असला तरी त्या भाषेच्या ध्वनिव्यवस्थेत त्याचे वर्तन अनेक ठिकाणी अंतःस्थासारखेच असते.) याचा परिणाम असा की, वाक्याच्या आरंभापासून अंतापर्यंत घोष कोठेही खंडित होत नाही. ते एका श्वासात, एका सलग तारेसारखे ओढता येते. रानेव्स्कायाच्या जाड, खालच्या पट्टीतील स्वरात ते तसे ओढले जाते आणि धमकी, लाड, कंटाळा व वैवाहिक सत्ता ही चारही त्या एका ताणात ऐकू येतात. अर्थदृष्ट्या वाक्य निषेधार्थक आज्ञा आहे. ध्वनिदृष्ट्या ते गुरगुरणे आहे. तिच्या अडखळण्याचा आणि या अखंड घोषाचा संबंध जोडण्याचा मोह कोणासही होईल, परंतु तो टाळलेला बरा. कारण रंगमंचावर किंवा कॅमेऱ्यापुढे तिची वाणी अडखळत नसे असेच तिच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे.

या वाक्याने तिचा जन्मभर पिच्छा पुरविला. रस्त्यात पोरे तेच ओरडत तिच्या मागे लागत आणि तिला त्याचा मनस्वी तिटकारा आला होता. पुढे एका पदकप्रदानाच्या प्रसंगी खुद्द ब्रेझ्नेवनेही तिचे याच वाक्याने स्वागत केले, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, लोकांनी उचलले ते शब्द. तो ताण कोणास उचलता आला नाही.

१९४७ सालच्या 'वेस्ना' या अलेक्सांद्रोवच्या चित्रपटातील मार्गारिता ल्वोव्ना या दुय्यम भूमिकेत श्लेषाचे एक उदाहरण सापडते. ट्रॉलीबसमध्ये कंटाळा येऊ नये म्हणून आपण 'इडियट' बरोबर घेत आहोत, असे ती म्हणते. हाती दस्तयेव्स्कीची कादंबरी आणि समोर एक गृहस्थ, अशी ही कोटी आहे. रशियन भाषेत सजीववाचक पुल्लिंगी नामाची द्वितीया विशिष्ट प्रत्ययाने होते आणि कादंबरीचे नाव म्हणून आला तरी तो शब्द तोच प्रत्यय घेतो. म्हणून ग्रंथ आणि मनुष्य दोन्ही एकाच रूपात सामावतात. मराठीत 'इडियट घेते' म्हटले तर पुस्तक आणि 'इडियटला घेते' म्हटले तर माणूस. भाषांतरकारास एकाची निवड करावी लागते आणि कोटी मरते. तथापि अशा श्लेषवक्रोक्तीत नटीचे कर्तृत्व मर्यादित असते. कोटी भाषेनेच तयार ठेवलेली असते. ती कोणीही बऱ्यापैकी नटी सादर करू शकेल.

याच वर्षी आलेल्या 'झोलुष्का'तील, म्हणजे सिंड्रेलाच्या कथेतील, सावत्र आईची गोष्ट निराळी. पटकथा येवगेनी श्वार्त्सची. आपल्या संहितेतील शब्द कोणी बदललेला त्यास खपत नसे. रानेव्स्कायाने घातलेली भर मात्र त्याने मान्य केली. राजघराण्यातील मंडळींनी आपल्या मुलींकडे किती वेळा लक्ष दिले याची ही बाई वहीत टिपणे करून घेते तेव्हा तिचा स्वर एखाद्या कचेरीतील कारकुनाचा असतो. परीकथेत सरकारी दप्तराचा स्वर आणून ठेवणे, आणि तेही १९४७ साली, ही केवळ विनोदबुद्धी नव्हे.

काकुवक्रोक्तीचा कळस पाहावयाचा तर तो 'श्तोर्म' या नाटकातील एका प्रवेशात पाहावा. बिल-बेलोत्सेर्कोव्स्कीचे हे यादवी युद्धावरील नाटक १९५१ च्या सुमारास मोस्सोवेत नाट्यगृहाने युरी झावाद्स्कीच्या नेतृत्वाखाली पुन्हा रंगभूमीवर आणले. त्यातील काळाबाजारवाली मान्का हिला क्रांतिकारी पोलीस पकडून चौकशीस आणतात. प्रवेश छोटा आहे. रानेव्स्कायाने त्यातील संवाद बव्हंशी स्वतःच नव्याने रचले. अधिकारी काहीही विचारो, मान्काचे उत्तर एकच : "शो ग्रिते?" म्हणजे, 'काय म्हणता?' प्रमाण रशियनमधील 'श्तो' येथे 'शो' होतो आणि 'गवरीते' या चार अक्षरी क्रियारूपाचे दोनच अक्षरांत मडके होते. ही दक्षिणेकडील बोलीची लकब आहे आणि तागानरोगच्या मुलीस ती कोणाकडून शिकण्याची गरज नव्हती. परंतु केवळ बोलीचे अनुकरण एवढेच यात असते तर तो प्रवेश नकलेच्या पातळीवर राहिला असता. तो प्रश्न प्रत्येक वेळी निराळा होतो. प्रथम तो खरोखरीचा प्रश्न असतो. मग वेळ काढणे होते. मग आश्चर्याचे सोंग, मग अधिकाऱ्याविषयी सहानुभूती, मग उघड भीती. आणि एका क्षणी तर तो आरोप होऊन उलट अधिकाऱ्यावरच येतो. शब्द तेच, दोनच. चौकशी करणारा कोण आणि चौकशी कोणाची हे उलटेपालटे होऊन जाते.

रोमान याकोबसन याने भाषाशास्त्र व काव्यशास्त्र यांच्या संबंधावरील १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मॉस्को आर्ट थिएटरच्या एका नटाची हकीकत दिली आहे. स्तानिस्लाव्स्कीने त्यास 'आज संध्याकाळी' एवढ्याच अर्थाच्या शब्दांतून चाळीस निरनिराळे आशय काढून दाखविण्यास सांगितले होते. तो भाग परीक्षेचा होता. त्यास नाट्यसंदर्भ नव्हता. रानेव्स्कायाने तीच परीक्षा एका सलग प्रसंगाच्या पोटात, पात्राच्या जिवावर बेतलेली असताना दिली. येलेना ब्रिझगुनोवा हिने रशियन स्वरावलीचे जे सात साचे मांडले, त्यांच्या आधारे या प्रवेशाचे स्वरांकन करण्यासारखे आहे, आणि प्रवेशाचे चित्रण उपलब्ध असल्यामुळे ते शक्यही आहे. असे स्वरांकन केल्यास त्या साच्यांमध्ये न बसणारे काय उरते हेच पाहणे उद्बोधक होईल. हा प्रवेश संपताच प्रेक्षक उठून जाऊ लागले आणि अखेर झावाद्स्कीने तो वगळला, असे सांगितले जाते. दिग्दर्शकास दोष देणे सोपे आहे. परंतु एक अंग इतके वाढले की देहाचा तोल जातो, ही त्याची तक्रार नाट्यदृष्ट्या निराधार म्हणता येणार नाही.

येथे पहिल्या पक्षाचा आक्षेप पुन्हा उभा राहतो. अशी दोन शब्दांत रमणारी नटी पूर्ण लांबीचे पात्र पेलू शकते काय? याचे उत्तर रोमच्या 'मेच्ता' या चित्रपटात आहे. हा चित्रपट १९४१ साली पुरा झाला. युद्धामुळे तो १९४३ मध्ये लोकांपुढे आला. त्यातील खाणावळीची मालकीण रोझा स्कोरोखोद ही अवघ्या चित्रपटाचा आधार आहे. ती कवडीचुंबक, क्रूर, पुत्रप्रेमाने आंधळी आणि आतून भंगलेली. येथे तिने आवाजाची पट्टी आरंभापासूनच इतकी मोजकी ठेवली आहे की, तिचा चढ शेवटी जाणवतो. प्रसंगनटीस हा संयम साधत नसतो. म्हणजे सामर्थ्याची उणीव नव्हती; आणि त्या मर्यादेपर्यंत दुसऱ्या पक्षाची हळहळ रास्त आहे. आयझेनस्टाइनला 'इव्हान द टेरिबल' या चित्रपटातील येफ्रोसिन्या स्तारित्स्काया या भूमिकेसाठी रानेव्स्कायाच हवी होती. १९४२ मध्ये चित्रपटसमितीचा अध्यक्ष इव्हान बोल्शाकोव याने वरिष्ठांना कळविले की तिच्या चेहऱ्यात सेमिटिक वंशाची लक्षणे स्पष्ट दिसतात, विशेषतः निकटदृश्यांत. आणि ती भूमिका सेराफिमा बिर्मान हिच्याकडे गेली. जी स्त्री आवाजाने जगली तिचा चेहरा मोजून तिला नाकारण्यात आले.

याच सत्तेने पुढे तिला तीन वेळा स्तालिन पारितोषिक दिले. त्यांपैकी १९४९ चे पारितोषिक 'झाकोन चेस्ती' या नाटकातील भूमिकेसाठी होते, आणि ते नाटक पाश्चात्यांपुढे नमणाऱ्या तथाकथित विश्वनागरिकांविरुद्धच्या मोहिमेचेच अपत्य होते. ही मोहीम पुढे यहुदी कलावंतांवरच उलटली. त्याच सुमारास ताइरोवला दूर करून कामेर्नी नाट्यगृह बंद करण्यात आले. १९५५ साली रानेव्स्काया पुश्किन नाट्यगृहात दाखल झाली ते त्याच कामेर्नीच्या वास्तूत. पारितोषिके मिळालेल्या तिच्या भूमिकांत आज पाहण्याजोगे फार थोडे आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिच्या चाहत्यांनी या पारितोषिकांच्या याद्या अभिमानाने छापाव्यात यासारखी दुसरी विसंगती नाही.

तथापि सारा दोष सत्तेचा, असेही नव्हे. कामेर्नी, लाल सेनेचे नाट्यगृह, ओख्लोप्कोवचे नाट्यगृह, मोस्सोवेत, पुश्किन आणि १९६३ मध्ये पुन्हा मोस्सोवेत, असा तिचा प्रवास आहे. दिग्दर्शकांशी तिचे पटत नसे. आणि ज्या नटीस दोन शब्दांत सर्व काही सांगता येते तिला संहितेतील उरलेले शब्द जाचक वाटू लागतात, हेही तितकेच खरे.

निराकांक्ष काकूचा तिचा उत्तरायुष्यातील नमुना म्हणजे 'दाल्शे—तिशिना' हे नाटक होय. आनातोली एफ्रोसने ते १९६९ साली बसविले. मूळ अमेरिकन, कर्ज फेडता न आल्याने घर गमावलेले वृद्ध दांपत्य आणि दोघांनाही एकत्र ठेवून घेण्यास तयार नसलेली त्यांची मुले, असा विषय. रोस्तिस्लाव प्ल्यात्त तिच्याबरोबर होता. दूरचित्रवाणीसाठी झालेल्या त्याच्या चित्रणात लुसीचे बोलणे ऐकावे. येथे ती एकेका वाक्याचा अर्थ शब्दांतच संपवून टाकते. स्वर वर राहत नाही, लोंबकळत नाही, काही सुचवीत नाही. पतीचा निरोप घेताना ती साधी, घरगुती वाक्ये पूर्णविरामासह बोलते. भरताच्या व्यवस्थेनुसार ज्या वाक्याच्या पलीकडे काही उरलेले आहे ते साकांक्ष काकूने यावयास हवे. येथे सर्व काही उरलेले आहे आणि काकु निराकांक्ष आहे. शास्त्राचा हा भंग हेतुपूर्वक आहे. बोलणाऱ्या व्यक्तीने आपली आकांक्षा स्वरातून काढून टाकली आहे, कारण ती ऐकून घेणारा आता राहणार नाही. मान्काचे दोन शब्द अनेक अर्थांनी भरून वाहत होते. लुसीची वाक्ये रिती होत जातात. एकाच नटीची ही दोन टोके आहेत.

पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, स्तेपान्त्सेवच्या 'कार्लसन परत आला' या कार्टूनपटात तिने फ्रेकेन बोक या दाईस आवाज दिला. 'पिश्का'त तिचा देह होता आणि आवाज नव्हता. येथे आवाज आहे आणि देह दुसऱ्याने रेखाटलेला आहे. रशियन मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिला या आवाजावरूनच ओळखतात. शार्लोटाचा खेळ अशा रीतीने पुन्हा झाला.

तिने आत्मचरित्र लिहावयास घेतले आणि लिहिलेले फाडून टाकले. उरली ती चिठोऱ्यांवरील टिपणे. शेवटची नवी भूमिका तिने १९८० साली, वयाच्या चौऱ्यांशीच्या घरात, सेर्गेई युर्स्कीने बसविलेल्या ओस्त्रोव्स्कीच्या नाटकात केली. ती होती फेलित्साता या म्हाताऱ्या दाईची. १९ जुलै १९८४ रोजी मॉस्कोत तिचे निधन झाले. दोन्स्कोये दफनभूमीत, अनेक दशकांच्या ताटातुटीनंतर परदेशातून परत आलेल्या आपल्या बहिणीच्या शेजारी तिला पुरण्यात आले. दगडावर कोरलेले आडनाव मात्र चेखोवच्या नाटकातले आहे.